शांततेची मिनिटं

पासवर्ड राउटरच्या पोटाला चिकटलेला,
मुंगीएवढी अक्षरं.
दांगुओलेबाईंनी तिकिटं बघायचं भिंग आणलं
आणि एकेक आकडा थांबून थांबून सांगितला,
अक्षांश सांगावा तसा.
मी टाइप केला. पान उघडलं.

कोपऱ्यात होतं: प्रगत सेटिंग्ज.
त्याखाली ताकीद, माहिती नसल्यास बदल करू नये.
"माहिती आहे," त्या पडद्यालाच म्हणाल्या.
सतरा वर्षं मासेमारीच्या जहाजावर
रेडिओ सांभाळला होता त्यांनी.

क्लायपेडातल्या या इमारतीत भिंती पातळ
आणि हवा गच्च.
खालच्या ऐमांतसचं नेटवर्क, दंतवैद्याचं,
माझं, शिवाय एकाचं नावच "फुकट मिळणार नाही".
सगळे चॅनेल छत्तीसवर दाटीवाटीनं.
"सगळे एकदम बोलतायत," त्या म्हणाल्या. "ऐकतंय कोण?"

त्यापायी दर रविवारी युर्गा गोठते.
हल शहरातून फोन करते, आईसमोर जेवते,
आणि चमचा ओठांशी नेता नेता
थांबते ती थांबतेच.
उपाशी मुलगी बघत बसावं लागतं, म्हणाल्या.

चॅनेलची रुंदी ऐंशी होती. वीस केली.
अरुंद आवाज लांब जातो,
हे मी सांगण्याआधी त्यांनीच मला सांगितलं.
ताकद शंभर टक्के.
"कशाला? दोन खोल्या आहेत माझ्या."
पंचवीस.
बीकन या शब्दापाशी त्यांचं बोट थांबलं.
मी म्हटलं, सेकंदाला दहा वेळा
राउटर सांगत राहतो: मी आहे, मी आहे.
"कुणी ओ दिली नाही तरी?"
तरी.
"मग त्याला हात लावू नकोस."

उरला चॅनेल शंभर. रिकामा, पण त्याला अट आहे:
तिथे रडारचा मान पहिला.
बोलण्याआधी राउटरनं एक मिनिट
गप्प बसून कानोसा घ्यायचा.

त्या हसल्या नाहीत, पण खुर्चीत सरळ झाल्या.
त्यांच्या रेडिओखोलीतल्या घड्याळावर
दोन लाल पाचरी रंगवलेल्या असायच्या.
तासातून दोनदा, तीन तीन मिनिटं,
अख्ख्या समुद्रानं तोंड मिटायचं.
कुणी बुडत असेल तर ऐकू यावं म्हणून.

मी सेव्ह दाबलं. हिरवा दिवा गेला.
किटली शिट्टी मारायच्या बेतात होती,
त्यांनी उठून ती बंद केली.
मी काही बोलू गेलो, तर तळहात वर.
एक मिनिट एवढं लांब असतं
हे मला बत्तीस वर्षांत कळलं नव्हतं.
फ्रिज ऐकू आला. ऐमांतसचा खोकला. गोदीतली क्रेन.

दिवा लागला.
"आणि ऐकू आलं असतं काही, तर?"
तर तो चॅनेल सोडून दुसरीकडे जातो.
"निघून जातो?"
हो. नियमच आहे तसा.

त्यांनी किटली पुन्हा लावली.
पाठमोऱ्याच म्हणाल्या, एका फेब्रुवारीत,
दोन वाजून सोळा मिनिटांनी,
अर्धं नाव आलं होतं. पुढे नुसती खरखर.
नोंदवहीत तेवढंच लिहिलं. अर्धं नाव, वेळ.
आम्ही सकाळपर्यंत त्या बाजूला गेलो.
काय सापडलं, ते त्यांनी सांगितलं नाही;
साखर किती, एवढं विचारलं.

निघताना नेटवर्कचं नाव बदलून मागितलं.
चार अक्षरं, काहीच अर्थ न लागणारी.
जहाजाची खूण होती ती; जहाज केव्हाच भंगारात गेलं.

रात्री माझ्या घरी फोनवर यादी उघडली.
ऐमांतस, दंतवैद्य, फुकट मिळणार नाही.
सगळ्यांच्या खाली, एकाच काडीवर,
ती चार अक्षरं.
पंचवीस टक्क्यांत, दोन भिंती ओलांडून.
मी पासवर्ड टाकला नाही, आहे माझ्याकडे.
घड्याळ बघितलं. सव्वादोनला तीन मिनिटं कमी होती.
फोन उपडा ठेवला आणि उगीचच
जागा राहिलो.